चौसष्ट ओळींचा रकाना

३ मार्च, सोमवार

ही वही मी पानाची कच्ची चित्रं काढायला आणली होती, पण आज आनंदाच्या भरात एक रेघ सरळ येणार नाही. म्हणून लिहिते. मला काम मिळालं. या गावच्या साप्ताहिकाचं पहिलं पान आता मी लावणार. मी, जिने सोळा वर्षं बुटांचे आणि औषधांचे पुठ्ठ्याचे बॉक्स आखले, ती.

संपादक जाड भिंगांचे आणि कमी बोलणारे. त्यांनी गेल्या आठवड्याचा अंक टेबलावर पसरला आणि म्हणाले, बघा आणि बोला. मी बघितलं. अकरा मथळे, सगळे एकाच मापाचे. नऊ फोटो, नऊच्या नऊ फोटोंत कोणीतरी फीत कापतंय. मी म्हटलं, सभेत सगळ्यांनी एकदम बोलायला लागावं तसं झालंय, कोणाचंच ऐकू येत नाही. ते हसले किंवा खोकले, नक्की कळलं नाही. मग अट सांगितली. सातशे अंक छापतात, दोनशे परत येतात. सहा अंक माझे. सहाव्या अंकापर्यंत परतीचा गठ्ठा कमी झाला नाही तर जुनं पान पुन्हा सुरू, आणि मला सुट्टी.

सुट्टी म्हणजे परत दादाच्या दारात. कारखाना आम्हा दोघा भावंडांचा. जानेवारीत मी म्हटलं, बुटांच्या बॉक्सच्या झाकणावर छानसं चित्र टाकू या. तो म्हणाला, लोक बॉक्स फेकून देतात, फेकायच्या वस्तूला नटवायचं कशाला. त्यावर मी कामगारांसमोर म्हणाले की तुला चौकोनाच्या बाहेरचं काही दिसतच नाही. तो गप्प झाला. तो गप्प आहे तो आजतागायत. मला वाईट वाटतं, आणि ते इथे तरी लिहून टाकते. मला एवढंच हवंय की त्याने एकदा माझं पान बघावं आणि काहीतरी बोलावं. नावं ठेवली तरी चालेल.

४ मार्च, मंगळवार

खोली मिळाली. खाली संपादकांच्या आत्या राहतात, वर मी. सगळं गाव त्यांना आत्याबाई म्हणतं, म्हणून मीही. वय पंचाहत्तरच्या पुढे, चाल माझ्याहून जलद. पेपरातला डावीकडचा पहिला रकाना त्यांचा. नाव ‘आले-गेले’. गावात कोणाकडे कोण पाहुणे आले आणि कोण परत गेले, एवढंच त्यात. आत्याबाई दुपारच्या बसला स्टँडवर जाऊन उभ्या राहतात आणि वहीत टिपून घेतात.

त्यांचे दोन नियम आहेत. एक, नावं छापायची नाहीत, नाती छापायची. नाव छापलं की ते चुकतं, आणि मग लोक भांडायला येतात. दुसरा नियम, आलेलाच माणूस छापायचा, येणार असलेला नाही. एकदा त्यांनी डॉक्टरांचे जावई येणार असं छापलं आणि जावई आलेच नाहीत. डॉक्टरांची मुलगी महिनाभर घराबाहेर पडली नाही म्हणे. तेव्हापासून आत्याबाई बसचं दार उघडल्याशिवाय पेन उघडत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

सुचलं. अंघोळ करताना सुचलं आणि मी ओल्या केसांनी डमी, म्हणजे पानाचा कच्चा नमुना, काढायला बसले.

आडवा पसरलेला पुठ्ठा घडी घालून उभा करायचा तर पुठ्ठ्याच्याच कडेला गोंद लावायची एक चिकटपट्टी लागते. अरुंद असते, दिसत नाही, पण ती पूर्ण उंचीची नसेल तर बॉक्स उभाच राहत नाही. आपल्या पानाला तीच नाही. आत्याबाईंचा रकाना कधी बारा ओळींचा, कधी वीस, आणि त्याखाली छत्रीदुरुस्तीची जाहिरात लोंबकळते. त्यामुळे सगळं पान डावीकडे लुळं पडतं. मी तो रकाना पेपरच्या नावापासून थेट पायापर्यंत आखला. चौसष्ट ओळी. आणि काय सांगू, पान ताठ उभं राहिलं. आता एकच मोठा मथळा, एकच मोठा फोटो, बाकी मोकळी जागा.

खाली जाऊन आत्याबाईंना विचारलं, चौसष्ट ओळी भरतील ना? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“दर आठवड्याला?”

“दर आठवड्याला. एक ओळ कमी पडली तरी पान कोसळेल.”

डमी जवळ ओढून घेतली. मग म्हणाल्या, “भरेल की. न भरायला काय झालं.”

किती गुणी बाई. उगाच घाबरत होते.

११ मार्च, मंगळवार

आत्याबाईंचा फोन जिन्याखाली आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. सकाळपासून चालू आहे. “अगं, किती वर्षांत आली नाहीस,” “एकटी नको येऊस, पोरांना घेऊन ये,” असलंच सगळं. या वयात माणसाला गप्पा मारायला कोणीतरी लागतंच. मी ठरवलंय, रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसायचं.

१४ मार्च, शुक्रवार

पहिला अंक निघाला. छपाईच्या मशीनवाल्या काकांनी पहिली प्रत माझ्या हातात दिली तेव्हा शाई ओली होती आणि माझे डोळेही. मुख्य मथळा ठसठशीत. फोटो पुलाचा, पाच कॉलमभर. आणि डावीकडे चौसष्ट ओळींचा सरळसोट रकाना, एकही ओळ कमी नाही. पोस्टमास्तरांच्या तिघी मेहुण्या, ‘विशेष कारण नसताना’. सुताराचे जावई, सहकुटुंब, पाच जण. बेकरीवालीच्या मावशी, मावशीच्या जाऊबाई आणि जाऊबाईंचा कुत्रा. गाव बरंच पाहुणचारी दिसतंय. मला आधी कल्पना नव्हती.

एक अंक पाकिटात घालून दादाला टाकला. सोबत चिठ्ठी नाही. काय लिहायचं ते सुचलं नाही.

१७ मार्च, सोमवार

परत आलेले अंक, एकशे दहा. दोनशेचे एकशे दहा. मी मशीनवाल्या काकांना धरून गोल फिरवलं. ते म्हणाले, बाई, कमरेत लचक भरेल. संपादक पुन्हा हसले किंवा खोकले.

मला वाटतं हे मोकळ्या जागेमुळे झालं. लोकांच्या डोळ्यांना इतके दिवस विसावाच नव्हता.

१९ मार्च

सर्दी. दादाचं काही नाही.

२१ मार्च, शुक्रवार

दुसरा अंक. रकाना पुन्हा तंतोतंत. आता तर मला गंमत कळली आहे, गेल्या आठवड्याचे ‘आले’ या आठवड्याचे ‘गेले’ होतात, म्हणजे अर्धा रकाना आपोआप तयार. आत्याबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “हो ना, पण गेलेल्यांच्या जागी नवे नकोत का?” आणि पुन्हा फोनपाशी गेल्या.

दुपारी चौकात उभी राहून बघितलं. पेपरच्या टपरीवर गर्दी. सुताराचे जावई एकदम सहा अंक घेऊन गेले. मी अगदी जवळ उभी होते, पण सांगितलं नाही की पान मी लावलंय. मोठेपणा असाच पचवायचा असतो. मग राहवलं नाही आणि सांगितलं. ते म्हणाले, “हो का? आम्ही अठराव्या ओळीत आहोत.”

२४ मार्च, सोमवार

परत आलेले अंक, चाळीस.

बेकरीत सकाळी आठलाच पाव संपले होते. लॉजवर जागा नाही, असं पाटीवर लिहिलंय, आणि ती पाटी शोधायला मालकाला माळ्यावर चढावं लागलं म्हणे, इतकी वर्षं तिची गरजच पडली नव्हती. सलूनबाहेर रांग. या गावात काहीतरी सुरू झालंय. एका चांगल्या पानाने गावाचा मूड असा बदलू शकतो, हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर मी सोळा वर्षं पुठ्ठ्यात घालवली नसती. दादाला हे कळायला हवं.

२६ मार्च, बुधवार

डोक्यात एक झकास कल्पना. रकान्याचा टाइप जरा बारीक केला तर पान आणखी देखणं दिसतं. मात्र त्यामुळे चौसष्टच्या चौऱ्याऐंशी ओळी होतात. आत्याबाईंना सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

“जमेल ना?” मी विचारलं.

“तू आखलंयस ना? मग बघते,” त्या म्हणाल्या. “दंतवैद्यांच्या वर्गातले सगळे कुठे असतात, ते विचारायला हवं.”

दंतवैद्यांचा यात काय संबंध ते मी विचारलं नाही. म्हातारी माणसं एका विषयावरून दुसऱ्यावर जातात.

२८ मार्च, शुक्रवार

तिसरा अंक. चौऱ्याऐंशी ओळी. दंतवैद्यांचे शाळासोबती, एकोणीस जण, तीस वर्षांनी. काय योगायोग. उजवीकडे पाण्याच्या नव्या टाकीचा फोटो मी जवळजवळ पानाच्या काठापर्यंत नेलाय. धाडस लागतं त्याला. माझ्या मते आतापर्यंतचं सगळ्यांत सुंदर पान. आज दादाला दोन प्रती टाकल्या, एक वाचायला आणि एक जपून ठेवायला. असं मी म्हणते. तो दोन्ही बॉक्सच्या तळाला अंथरत असेल.

३१ मार्च, सोमवार

परत आलेले अंक, शून्य. गठ्ठाच नाही. टपरीवाला रिकाम्या हाताने आला, आणि मी त्याच्या रिकाम्या हातांशी हस्तांदोलन केलं. संपादकांनी नऊशे छापायचं ठरवलं.

मी दिवसभर जमिनीवर नव्हते. संध्याकाळी आत्याबाईंकडे बसले तेव्हा त्या डुलक्या घेत होत्या. फोनचा रिसीव्हर मांडीवर.

४ एप्रिल, शुक्रवार

चौथा अंक. मुख्याध्यापिकाबाई फार कडक, असं गावात सगळे सांगतात. त्यांना मी आज स्टँडसमोर बघितलं. पेपर छातीशी धरून उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रकान्यात त्यांची एक ओळ होती: ‘मुख्याध्यापिकाबाईंचे धाकटे बंधू, अकरा वर्षांनी.’ मी त्यांना विचारलं, पान आवडलं का? त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. मी आज पहिल्यांदा बाहेरच्या बाजूचा समास दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाढवला होता. माणसं अशा गोष्टी बरोबर टिपतात.

मग वर येऊन उगीचच रडले. अकरा वर्षं म्हणजे किती. आमचे तर तीनच महिने झालेत, आणि मला ते मोजवत नाहीत.

९ एप्रिल, बुधवार

आज आत्याबाईंशी जरा तणतण केली, आता लाज वाटतेय. पाचव्या अंकाचा मजकूर त्यांनी दिला तो नऊ ओळींनी कमी. मी म्हटलं, असं चालणार नाही, रकाना पायापर्यंत गेलाच पाहिजे, तुम्ही कबूल केलं होतं. त्या थकलेल्या दिसत होत्या.

“अगं, गावात आता कोणाचं कोणी उरलं नाही,” त्या म्हणाल्या. “गाद्याही उरल्या नाहीत. चांभाराच्या सासूबाई दुकानात काउंटरवर झोपतात.”

मी म्हटलं, बातम्या शोधल्या तर मिळतात. माझं मलाच ऐकून चीड आली. दोन महिन्यांपूर्वी बातमी आणि जाहिरात यातला फरक न कळणारी मी.

शेवटी त्या रात्रपाळीच्या नर्सबाईंच्या नणंदेला स्टँडवरून घेऊन आल्या, चार मुलांसकट, आणि नऊ ओळी भरल्या. बघा, मिळतात की.

११ एप्रिल, शुक्रवार

पाचवा अंक. अकराशे छापले, सगळे गेले. संपादक म्हणाले, पुढचा सहावा, मग बसून बोलू. म्हणजे बहुतेक पान राहणार. मला उड्या माराव्याशा वाटतात आणि मारल्याही, खोलीत, चपला काढून. खालून आत्याबाईंनी काठीने छत ठोकलं.

त्यांनी चहाला बोलावलं. आज त्यांनीच मला प्रश्न विचारले. तुझं घर कुठे, कोण कोण आहे. मी सगळं सांगितलं. झाकणावरचं चित्र, कामगारांसमोर बोललेलं वाक्य, दर शुक्रवारी टाकलेला अंक.

“आणि तो काही कळवत नाही?”

“नाही.”

“तू काय लिहितेस सोबत?”

“काहीच नाही.”

“मग तो तरी काय कळवणार,” त्या म्हणाल्या. नंतर कारखान्याचा फोन नंबर विचारला, बुटांसाठी एक बॉक्स हवाय म्हणून. मी दिला. तिकडून इकडे यायला बस किती वाजता असते, हेही विचारलं. बॉक्स बसने मागवणार असतील.

१६ एप्रिल, बुधवार

सहाव्या अंकाचं पान लावतेय. दर अर्ध्या तासाने उठून खिडकीशी जाते. चौऱ्याऐंशीपैकी एक्याऐंशी ओळी आल्या आहेत. तीन कमी. आत्याबाई म्हणाल्या, त्या तीन शुक्रवारी दुपारी देते. मी म्हटलं, मशीन तीनला सुरू होतं. त्या म्हणाल्या, बस दीडला येते.

१८ एप्रिल, शुक्रवार

घाईघाईत लिहितेय, पण आज लिहिलं नाही तर उद्या माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही.

पावणेदोन वाजले. बाकी पान तयार, प्रूफ टेबलावर, आणि डावीकडे तळाला तीन ओळींचं भगदाड. मी संपादकांना म्हटलं, आत्याबाईंनी आज दगा दिला. संपादक खिडकीबाहेर बघत म्हणाले, जरा थांबा. तेवढ्यात दार ढकलून आत्याबाई आल्या, धापा टाकत, वही काखेत. त्यांच्या मागे दादा.

तोच तो खाकी शर्ट, खिशाला मोजपट्टी. केस मात्र कानापाशी पांढरे झालेत. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो सरळ टेबलापाशी गेला आणि प्रूफवर वाकला. अंगठ्याने तो डावा रकाना वरून खाली दाबत नेला, जसा तो प्रत्येक नव्या बॉक्सची चिकटपट्टी दाबून बघतो.

“ही पट्टी खाली कमी पडलीय,” तो म्हणाला.

तीन महिन्यांनी त्याचा आवाज ऐकला. मी म्हटलं, “तू कसा आलास?”

“या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, गावात सगळ्यांकडचं कोणी ना कोणी येऊन गेलं, फक्त तुमच्या बहिणीकडचं कोणी आलेलं नाही.”

मी आत्याबाईंकडे बघितलं. आणि मग माझ्या डोक्यात एकेक करून सगळे उभे राहिले. तिघी मेहुण्या, एकोणीस शाळासोबती, काउंटरवरच्या सासूबाई, मुख्याध्यापिकांचे बंधू. जिन्याखालचा फोन.

“सगळ्यांना तुम्ही बोलावलंत?”

“मग काय करणार?” आत्याबाई म्हणाल्या. “तू ओळी आखून ठेवल्यास. खोटं छापायचं का?”

म्हणजे अंक खपले ते मोकळ्या जागेमुळे नाही, समासामुळे नाही, टाकीच्या फोटोमुळे नाही. सुताराच्या जावयांनी सहा अंक घेतले ते अठराव्या ओळीसाठी. हे संपादकांना माहीत होतं, मशीनवाल्या काकांना माहीत होतं, बहुतेक बेकरीवालीकडे आलेल्या त्या कुत्र्यालाही माहीत होतं. मला इतकं हसू आलं की मी खाली बसले, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. संपादक म्हणाले, पान राहील, तुम्हीही राहाल, फक्त रकाना चाळीस ओळींवर आणा, गावात गाद्या नाहीत.

दादा अजून प्रूफवरच वाकलेला होता. म्हणाला, “तिसऱ्या अंकात उजवी बाजू जड झाली होती. टाकी कलंडते की काय असं वाटलं. चौथ्यात समास वाढवलास ते बरं केलंस.”

त्याने सगळे बघितले होते. सगळे. दोन सूत समासासकट.

“मी तेव्हा बोलले ते वाईट बोलले,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला. आणि प्रूफच्या कडेवर बोट ठेवून, “चौकोन म्हणशील तर हाही चौकोनच आहे.”

मशीनवाल्या काकांनी आतून विचारलं, लावायचं का. आत्याबाई स्टुलावर बसल्या, वही उघडली, पेन उघडलं आणि चष्म्यावरून दादाकडे बघितलं.

“मुक्काम किती दिवस?”

दादाने माझ्याकडे बघितलं, आज पहिल्यांदा.

“जागा किती आहे?” त्याने मला विचारलं.

“तीन ओळी.”

“मग तीन दिवस लिहा,” तो आत्याबाईंना म्हणाला.

त्यांनी लिहिलं, मी टाइप केलं, पानात बसवलं. एकही अक्षर बाहेर आलं नाही. आम्ही तिघं मशीनपाशी उभे राहिलो.